१४ वर्षांनी पापनिवेदनाला जायचे आहे: तयारी कशी करावी, काय बोलावे, नंतर काय फेडावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे वसईचे, नोकरीमुळे पुण्यात असलेले, ५२ वर्षांचे कॅथलिक गृहस्थ आहेत. १४ वर्षे पापनिवेदनाला (कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली देऊन पापमुक्ती घेण्याच्या संस्काराला) गेलेले नाहीत. मधल्या काळात दोन वर्षे कंपनीत खोटी प्रवासबिले लावून महिन्याला चारेक हजार रुपये उचलले. वडिलोपार्जित जमिनीवरून धाकट्या भावाशी सहा वर्षे अबोला आहे. मधुमेह आहे. यंदा उपवासकाळात (ईस्टरआधीच्या ४० दिवसांत) कडक उपवास केला तर या सगळ्याची भरपाई होईल का, आणि इतक्या वर्षांनी गेल्यावर फादर काय म्हणतील, असे त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फादर बहुधा "बरे झाले आलात" म्हणतील आणि ऐकू लागतील. १४ वर्षांचा आकडा तुम्हाला डोंगराएवढा वाटतो, खिडकीपलीकडे बसलेल्या फादरांना वाटत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र "नाही" असे आहे. उपवासाने भरपाई होत नाही. का होत नाही हे नीट समजले तर पुढची तयारी निम्म्याने हलकी होते, म्हणून आधी तेच घेतो.

लूककृत शुभवर्तमानाचा १५वा अध्याय काढा. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटणी घेऊन घर सोडलेला आणि सगळे उधळून बसलेला धाकटा मुलगा बापाकडे परततो ती गोष्ट, आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की कान तिथे लागतच नाहीत. १८ आणि १९ या ओव्यांत (वचनांत) तो मुलगा डुकरांजवळ बसून बापाला काय सांगायचे ते पाठ करतो. त्याच्या भाषणाचे तीन तुकडे आहेत: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. आता २१वी ओवी वाचा. घरी पोचल्यावर तो पहिला तुकडा म्हणतो, दुसरा म्हणतो, आणि तिसरा त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप मध्येच नोकरांना हाक मारून झगा, अंगठी आणि पायताण आणायला सांगतो. जे वाक्य कापले गेले ते मजुरीचे होते: राबेन आणि फेडेन. बापाने कबुली ऐकून घेतली, सौदा ऐकून घेतला नाही. पायताण मागवण्यातही उत्तर आहे, कारण अनवाणी फिरायचे ते नोकर. घरचा मुलगा पायात घालून फिरायचा.

तुमचा "कडक उपवास करतो, म्हणजे फिटेल" हा विचार म्हणजे तेच तिसरे वाक्य आहे. उपवास करायचा आहे, पैसे परत करायचे आहेत, भावाकडे जायचे आहे; पण हे सगळे घरात घेतल्यानंतरचे काम आहे, घरात शिरण्याचे तिकीट नव्हे.

शब्दांचाही थोडा घोटाळा होतो. मराठीतला पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप, भाजणे. शुभवर्तमानात येशू ज्या हाकेने सुरुवात करतो तिथला ग्रीक शब्द 'मेतानोइया', म्हणजे मन पालटणे. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द 'शूव', म्हणजे सरळ मागे वळणे, परतणे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याचे जे वाचन होते त्यात "माझ्याकडे वळा" आहे ते हेच. भाजणे आपोआप होते. परतायला पाय उचलावे लागतात. नुसत्या भाजण्याचे टोक म्हणजे पैसे घेऊन येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा. मत्तयच्या २७व्या अध्यायात तो काय काय करतो ते पाहा. त्याला दुःख होते, "मी पाप केले" असे तो तोंडाने कबूल करतो, चांदीची ३० नाणीसुद्धा परत करतो. दुःख, कबुली, परतफेड असे तिन्ही झाले. फक्त तो गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले, "त्याचे आम्हाला काय?" येशूकडे तो वळलाच नाही. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारले, पण प्रभूने वळून पाहिले तेव्हा तो रडला, आणि पुढे तिबिर्या सरोवराच्या काठी होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडेच गेला. तुमच्या मनात जे चालले आहे त्याची हीच कसोटी लावा: टोचणी तुम्हाला प्रभूकडे ढकलते आहे की त्याच्यापासून दूर? दूर ढकलत असेल तर ती कितीही धार्मिक वाटो, तिचे ऐकू नका.

आता कामाचे. कधी जायचे ते आधी ठरवा. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २८ मार्चला आहे. मधले ४६ दिवस, त्यांतून सहा रविवार वजा केले की ४०. बहुतेक लोक झावळ्यांच्या रविवारनंतर (ईस्टरच्या आधीच्या रविवारनंतर) जागे होतात. त्या आठवड्यात रांग दारापर्यंत असते, मागच्याची चुळबुळ कानावर येते आणि फादरही थकलेले असतात. १४ वर्षांचे निवेदन त्या रांगेत करू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातला साधा वार गाठा, संध्याकाळच्या मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) अर्धा तास. त्याहून बरे म्हणजे धर्मग्रामाच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) कार्यालयात फोन करून वेळ मागून घ्या. "बऱ्याच वर्षांनी यायचे आहे, १५-२० मिनिटे लागतील" एवढे सांगितले की पुरते. ओळखीचे फादर नको असतील तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, त्यात काही गैर नाही. पुण्यात मराठीतून बोलता येईल असे धर्मगुरू मिळतात. मनातले ज्या भाषेत निघते त्याच भाषेत बोला. उपवासकाळातल्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी (२०२७ मध्ये ५ आणि ६ मार्च) "प्रभूसाठी २४ तास" हा उपक्रम बऱ्याच ठिकाणी असतो. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१४ साली तो सुरू झाला. जिथे असतो तिथे रात्री उशिरापर्यंत पापनिवेदनाची सोय असते. नोकरदारांना ते सोयीचे पडते.

मन तपासायला दोन संध्याकाळी पुरतात, प्रत्येकी अर्धा तास. कागद-पेन घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. नोट्स कुठल्या कुठे बॅकअप होतात आणि घरातला कुणीतरी नेमका तेव्हाच फोन मागतो. पहिल्या संध्याकाळी दहा आज्ञा एकेक करून वाचा आणि प्रत्येकीपुढे जे आठवेल ते दोन-चार शब्दांत टिपा. दुसऱ्या संध्याकाळी त्यातले गंभीर कोणते ते वेगळे काढा. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब मुळात गंभीर असणे, ती गंभीर आहे हे पुरते ठाऊक असणे, आणि स्वखुशीने केलेले असणे. यातली एकही कमी पडली तर ते त्या अर्थाने गंभीर नाही. गंभीर पापे प्रकार आणि संख्या सांगून कबूल करावीत असा चर्चचा नियम आहे. बाकीची सांगणे चांगले, पण त्यांचे बंधन नाही.

संख्या म्हटली की लोक घाबरतात. १४ वर्षांचा हिशेब कुणाला पाठ असतो? अंदाज चालतो, फक्त तो प्रामाणिक हवा. "दोन वर्षे, महिन्यातून एकदा" ही संख्याच आहे. "बहुतेक रविवार चुकवले, नाताळ आणि ईस्टरला जात होतो" हीसुद्धा. इथे एक गोष्ट हमखास सुटते ती लिहून ठेवा: या वर्षांत लग्नाच्या किंवा मयताच्या मिस्सेत रांगेबरोबर उठून कम्युनियन (मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर) घेतले असेल तर तेही सांगायचे आहे. लोक दूर राहिल्याचे सांगतात, आणि दूर असताना सवयीने किंवा लाजेकाजेने घेतलेले विसरतात.

वाक्ये कशी असावीत ते तुमच्याच उदाहरणावर पाहू. "ऑफिसात थोडीफार गडबड झाली" हे निवेदन नव्हे. 'झाली' म्हणताच करणारा गायब होतो. "आमच्याकडे सगळेच करतात, पगार वेळेवर नव्हता, म्हणून मीही" हेही नव्हे. हा बचाव झाला. असे म्हणा: "मी दोन वर्षे दर महिन्याला खोटी प्रवासबिले लावून साधारण ४,००० रुपये घेतले, एकूण ९६,००० च्या आसपास. अजून परत केलेले नाहीत." संपले. भावाबद्दल: "जमिनीच्या वादावरून सहा वर्षे भावाशी बोललो नाही. त्याचे वाईट व्हावे असे मनात आणले. नातेवाइकांत त्याच्याबद्दल खरे-खोटे बोललो." भावाने काय केले ते सांगायचे नाही. त्याचे पाप त्याने सांगावे. तिसऱ्या कुणाचे नावही घ्यायचे नाही. ज्या वाक्याचा कर्ता "मी" नाही ते बहुतेक वेळा काढून टाकण्याजोगे असते. एवढी एक चाळणी लावली तरी २० मिनिटांचे निवेदन सातवर येते.

आत गेल्यावर क्रम असा. जाळीआडून बोलायचे की समोर बसून, हे बहुतेक ठिकाणी तुम्ही ठरवता. क्रुसाची खूण करायची. "आशीर्वाद द्या फादर, मी पाप केले आहे. माझे शेवटचे पापनिवेदन १४ वर्षांपूर्वी झाले. मी विवाहित आहे, नोकरी करतो." पुढचे काही आठवत नसेल तर तेही सांगा: "पद्धत विसरलो आहे, मदत करा." फादर प्रश्न विचारत नेतील. मग कागद बघून पापे सांगा. कागद नेण्यात कमीपणा नाही. शेवटी "यांबद्दल आणि गत आयुष्यातल्या सर्व पापांबद्दल मला पश्चात्ताप होतो" म्हणून थांबा. फादर दोन शब्द सांगतील, प्रायश्चित्त देतील, आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला लावतील. लहानपणी पाठ केलेली गळून गेली असेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा: "हे देवा, तू माझ्यावर प्रेम केलेस आणि मी तुझ्याविरुद्ध वागलो. मला मनापासून वाईट वाटते. तुझ्या कृपेने पुन्हा तसे करणार नाही. येशूच्या नावाने माझ्यावर दया कर." एवढी बस होते.

यानंतर फादर हात पुढे करून पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. ते नीट ऐका, घाईने उठू नका. प्रायश्चित्त मिळाले की काम झाले असे समजून दारापर्यंत पोचलेले लोक असतात. त्या प्रार्थनेची सुरुवात तुमच्या पापापासून होत नाही, दयेचा पिता असलेल्या देवापासून होते. त्याने पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जगाचा आपल्याशी समेट केला, हे आधी येते. "मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो" अगदी शेवटी. तिथे "आमेन" तुम्ही म्हणायचे.

दिलेले प्रायश्चित्त जमणारे नसेल तर तिथेच सांगा, फादर बदलून देतात. "रोज पहाटेच्या मिस्सेला या" असे सांगितले आणि तुमची पहाटेची शिफ्ट असेल तर गप्प बसून मान डोलावण्यात अर्थ नाही. जे मिळेल ते शक्यतो बाहेर येऊन बाकावर बसूनच पुरे करा. तीन "आमच्या स्वर्गातील बापा" प्रार्थना उद्यावर टाकल्या की राहतात. राहून गेलेच तर पापमुक्ती रद्द होत नाही. आठवेल तेव्हा करा.

काही विसरले तर? प्रामाणिकपणे विसरलेले पाप बाकीच्यांबरोबर क्षमा झालेले असते. ते गंभीर असेल तर पुढच्या वेळी उल्लेख करायचा, त्यासाठी त्याच संध्याकाळी धावत परत जायचे नाही. लाजेने मुद्दाम लपवलेल्या गंभीर पापाची गोष्ट निराळी. ते लपवले की सगळे निवेदनच फोल ठरते आणि माणूस आणखी एक ओझे घेऊन बाहेर येतो. संत जेरोम यांचे म्हणणे या संदर्भात चर्चच्या १६व्या शतकातल्या त्रेंतच्या धर्मसभेने वापरले: रोगी वैद्याला जखम दाखवायला लाजला तर वैद्याला जी ठाऊकच नाही ती जखम औषधाने बरी होत नाही. म्हणून जी गोष्ट सांगायची सर्वांत जास्त लाज वाटते ती पहिली सांगून टाका. शेवटी ठेवली तर शेवट येतच नाही.

गुप्ततेची धास्ती बाळगू नका. पापनिवेदनावरची गुप्ततेची मोहोर कशानेही उघडत नाही, न्यायालयाच्या आदेशानेसुद्धा नाही. ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो. इतकेच काय, नंतर अंगणात भेटल्यावर "त्या बिलांचे काय झाले?" असे तुमची परवानगी नसताना तुम्हालाही ते विचारू शकत नाहीत. याची एक व्यावहारिक बाजू आहे: पैसे परत करण्यात फादरांची मदत हवी असेल तर तो विषय कन्फेशनबाहेर तुम्हीच पुन्हा काढायला हवा.

आणि फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर हा संस्कार होत नाही. सल्ला घेता येतो, पापमुक्ती नाही. आजारपण, प्रवास किंवा करोनासारखी परिस्थिती यांमुळे धर्मगुरूंपर्यंत पोचताच आले नाही, तर देवावरच्या प्रेमापोटी झालेला पुरा पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा पक्का निश्चय यांनी गंभीर पापांचीही क्षमा मिळते. २० मार्च २०२० रोजी रोमने (व्हॅटिकनने) करोनाच्या काळात याची मुद्दाम आठवण करून दिली होती. "मी घरीच देवाशी बोलतो" या सबबीसाठी मात्र ती वाट नाही. उपवासकाळात धर्मग्रामात सामुदायिक प्रायश्चित्तविधी होतो. तिथे वाचन आणि आत्मपरीक्षण सर्वांचे मिळून होते, पण पापमुक्तीसाठी एकेकाने जावेच लागते. शेवटचे गीत म्हणून निघून आलात तर संस्कार झालेला नाही.

आता फेडण्याचे. पापमुक्ती अपराध पुसते, पण बिघडवलेली घडी आपोआप बसत नाही. ९६,००० रुपये पापनिवेदनानंतरही तुमचे होत नाहीत. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाचे शब्द लूकच्या १९व्या अध्यायात आठव्या ओवीत आहेत. त्यात दोन खाती वेगळी ठेवलेली दिसतात. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्याला मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितले होते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. तुमच्यावर चौपटीचे बंधन नाही, मुद्दलाचे आहे. पण दोन खाती मिसळू नका. पैसे कंपनीचे, आणि दान अनाथाश्रमाला, हे चालत नाही. मालक माहीत असताना दान म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने पुण्य. कंपनी बंद पडली असेल, कुणाला द्यायचे ते शोधूनही सापडत नसेल, तरच ती रक्कम गरिबांकडे जाते.

परत कसे करायचे? स्वतःची बदनामी ओढवून घेण्याचे बंधन नाही. नाव न देता परत करता आले तरी चालते, आणि धर्मगुरूंमार्फत पैसे पोचवण्याची पद्धतही जुनी आहे. पुढे मंजूर होणारे खरे भत्ते न मागणे हाही मार्ग आहे, पण त्याचा हिशेब लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत "फिटले असेल" असे मनच सांगू लागते. एकरकमी झेपत नसेल तर जसे गेले तसे परत आणा: महिन्याला ४,०००, २४ हप्ते. पापमुक्ती मिळायला सगळे हप्ते आधी फिटायची गरज नाही, फेडायचा खरा निश्चय हवा. पहिला हप्ता पुनरुत्थानाच्या रविवाराआधी गेला तर तो निश्चय खरा होता हे तुमचे तुम्हालाच कळेल.

भावाचे प्रकरण पैशाहून अवघड आहे. पुन्हा त्याच दाखल्याकडे या, ३०व्या ओवीत. धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला मुलगा घराबाहेर उभा राहून बापाला म्हणतो, "हा तुमचा मुलगा." 'माझा भाऊ' हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. ३२व्या ओवीत बाप तेवढाच शब्द दुरुस्त करतो: "हा तुझा भाऊ." दाखला तिथेच संपतो, थोरला आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. तुम्ही थोरले आहात म्हणून हे जास्त लागू पडते.

क्षमा करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. जमिनीचा वाद कोर्टात चालू असेल तर चालू राहू द्या. वाटणी न्याय्य व्हावी ही मागणी पाप नाही. दुखावलेपण वाटणे किंवा झालेले न विसरता येणे हेही आपल्या हातात नसते, आणि कॅथलिक धर्मशिक्षण ते स्पष्टपणे मान्य करते. तुमच्या हातात आहे ते त्याचे वाईट चिंतणे थांबवणे, त्याच्यासाठी रोज एकदा प्रार्थना करणे, आणि दार उघडे ठेवणे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. तिथले शब्द "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल" असे नाहीत. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल" असे आहेत. म्हणजे चूक कुणाची हे ठरेपर्यंत थांबायची मुभा नाही.

प्रत्यक्ष जाताना काही गोष्टी टाळा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलचे वचन टाकून समेट होत नाही, उलट तो टोमणा वाटतो. मध्यस्थ म्हणून मामा-काकांना पाठवू नका. पहिल्या भेटीला सातबारा बरोबर नेऊ नका, तो निघालाच तर भेट संपली असे समजा. एकटे जा, बसा, आणि वाक्य एकच: "सहा वर्षे बोललो नाही, माझे चुकले. जमिनीचे काय व्हायचे ते होईल, पण बोलणे बंद नको." "माझे चुकले" नंतर "पण तूसुद्धा" आले की आधीचे शब्द वाया जातात. त्याने दार लावून घेतले तर तुमच्या बाजूचे झाले. तुमच्याकडून शक्य तेवढे, एवढीच प्रेषित पौलाची अपेक्षा त्याने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जा. मूळ प्रश्नात नातेवाइकांत त्याच्याबद्दल बोलल्याचा उल्लेख नव्हता, पण बहुधा झाले असेल. तसे असेल तर ज्या ज्या घरात खोटे सांगितले तिथे ते मागे घेणे हीसुद्धा परतफेड आहे, आणि ९६,००० पेक्षा ती जड जाते.

उपवासाचे नियम थोडक्यात. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस उपवासाचे आणि मांसवर्ज्य. उपवास म्हणजे एक पुरे जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे, दोन्ही मिळून पुऱ्या जेवणाएवढे होणार नाही इतके. वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. मांसवर्ज्य १४ पूर्ण झाल्यापासून, त्याला वरची मर्यादा नाही. मासे, अंडी, दूध चालते. पाणी आणि औषध यांनी उपवास मोडत नाही. बाकीच्या शुक्रवारांबद्दल तुमच्या धर्मप्रांताची सूचना राखेच्या बुधवाराआधी वाचली जाते, ती पाळा. ४० दिवस मटण-चिकन न खाण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती चांगली रूढी आहे, नियम नव्हे. आणि मटण सोडून शुक्रवारी भरले पापलेट नि कोळंबीचे कालवण रांधणार असाल तर नियम पाळला जाईल, उपवासाचा हेतू मात्र चुलीवरच राहील.

तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा जेवण कमी करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले तर साखर खाली जाऊन चक्कर येते; हे प्रायश्चित्त नव्हे, घरच्यांना शिक्षा आहे. मांस वर्ज्य करणे तुम्हाला जमेल. त्याच्या जोडीला दुसरे काही धरा: संध्याकाळचा टीव्ही, बाहेरचा चहा-वडापाव. ४० रुपये रोजचे धरले तर ४० दिवसांचे १,६०० होतात. ते डब्यात टाकत जा आणि पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) गरजूला द्या. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचा ५८वा अध्याय वाचतात, त्यात देवाला हवा असलेला उपवास म्हणजे भुकेल्याला भाकर वाटणे असेच सांगितले आहे. हे १,६०० वरच्या ९६,००० मध्ये धरायचे नाहीत, हे सांगायला नको.

आणखी एक अडचण नंतर येते. चार-आठ दिवसांनी मन म्हणू लागते की नीट सांगितले नाही, पुरेसे रडू आले नाही, क्षमा झालीच नसेल. रडू येणे ही अट नाही. पश्चात्ताप इच्छेत असतो, डोळ्यांत नव्हे. एकदा प्रामाणिकपणे सांगितलेले पाप पुन्हा पुन्हा उगाळू नका. टोचणी थांबतच नसेल तर एकच धर्मगुरू धरा आणि त्यांचे ऐका, दर वेळी नवा शोधू नका. तेच पाप पुन्हा घडले तर पुन्हा जा. १७ मार्च २०१३ रोजी, पोप म्हणून आपल्या पहिल्या रविवारी, फ्रान्सिस यांनी हेच सांगितले होते: देव क्षमा करून थकत नाही, आपणच मागून थकतो. महिना-दीड महिन्यातून एकदा जायची सवय ठेवली तर कागदाची गरजही उरणार नाही.

त्याच संध्याकाळच्या मिस्सेत कम्युनियन घेता येईल का, असे बरेच जण विचारतात. घेता येईल. प्रायश्चित्त पुरे होईपर्यंत थांबावे लागत नाही, कंपनीचे हप्ते फिटेपर्यंतही नाही. फक्त त्याआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही खाल्लेले नसावे. साखर खाली जात असेल तर खा, आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे.